आपले पिस्तूल नेमके कोणत्या मॉडेलचे, हे कसे ओळखावे

पिस्तुलाचे नाव विचारले की बहुतेक मालक स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, कोरलेली अक्षरे वाचून सांगतात, आणि ते नाव चुकीचे नसले तरी अपुरे असते. ‘बेरेटा ९२’ हे एका पिस्तुलाचे नाव नसून एका घराण्याचे आहे. त्या घराण्यात सेफ्टी (गोळी चुकून सुटू नये यासाठीची कळ) फ्रेमवर, म्हणजे खालच्या मूळ सांगाड्यावर, असलेले पिस्तूल आहे आणि स्लाइडवर असलेलेही आहे. मॅगझिन (काडतुसांची पेटी) सोडण्याचे बटण मुठीच्या तळाशी असलेले आहे आणि चापामागे असलेलेही आहे. सुटा भाग मागवताना, जादा मॅगझिन घेताना, नोंदणीच्या कागदात तपशील भरताना, किंवा उत्पादकाने ठरावीक क्रमांकांची पिस्तुले दुरुस्तीसाठी परत मागवली असता आपले पिस्तूल त्यात मोडते का हे पाहताना घराण्याचे नाव कामी येत नाही. तेथे नेमका उपप्रकार ठाऊक असावा लागतो.

तो शोधण्याची माझी पद्धत एका साध्या तत्त्वावर उभी आहे: जो भाग बदलणे सर्वांत अवघड, त्याच्यावर सर्वांत आधी विश्वास ठेवावा. म्हणून आधी फ्रेम, मग नळी आणि स्लाइड, आणि मूठ, साइट (नेम धरण्याच्या खुणा), रंग, मॅगझिन हे सगळे शेवटी. बहुतेकांकडून गल्लत होते ती याच्या उलट क्रमाने पाहिल्यामुळे, कारण डोळ्यांत आधी भरते ते नेमके सहज बदलता येणारेच असते.

हात लावण्यापूर्वी

नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवा आणि बोट चापाबाहेर, फ्रेमच्या कडेला सरळ धरा. प्रथम मॅगझिन काढा, त्यानंतर स्लाइड पूर्ण मागे ओढून अडकवा, मग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या पोकळीत) डोळ्यांनी पाहा आणि उजेड कमी असेल तर करंगळीचे टोक घालून चाचपा. हा क्रम उलटा करू नये. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते खरे, पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधले दुसरे काडतूस आत ढकलते, आणि टेबलावर पडलेले काडतूस पाहून माणूस पिस्तूल रिकामे झाले असे समजतो. काही पिस्तुलांत, उदाहरणार्थ वॉल्थर पीपीकेमध्ये, स्लाइड मागे अडकवण्याची बाहेरची कळच नसते. तेथे ती हाताने मागे धरून चेंबर तपासावे. तपासणी झाली की सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. ग्लॉक उघडण्यासाठी चाप ओढावाच लागतो, त्यामुळे अशा पिस्तुलाच्या बाबतीत चेंबर दोनदा पाहिले तरी ते जास्त होत नाही. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या पिस्तुलात मॅगझिन काढल्यावर चाप काम करत नाही, पण ती सोय म्हणजे पिस्तूल रिकामे असल्याचा पुरावा नव्हे.

ओळख पटवण्यासाठी सफाईच्या वेळी करतो तेवढीच उघडणी पुरते: स्लाइड, नळी आणि स्प्रिंग वेगळी करणे. हॅमर (मागचा हातोडा), चापाची यंत्रणा किंवा फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी खीळ) सोडवण्याची गरज नाही. आपल्या पिस्तुलाची ही साधी उघडणी येत नसेल तर उत्पादकाची माहितीपुस्तिका मिळवावी, नाहीतर जाणकार शस्त्र कारागिराकडून ती करून घ्यावी.

खुणा वाचणे

कागद घ्या आणि पिस्तुलावर जे जे कोरलेले, ठोकलेले किंवा छापलेले आहे ते जागेसह जसेच्या तसे उतरवून घ्या. स्लाइडची डावी बाजू, उजवी बाजू, फ्रेमच्या दोन्ही बाजू, चापाच्या कडीच्या पुढचा भाग, मुठीचा पुढचा आणि मागचा काठ, नळीवर चेंबरच्या भोवतीचा भाग, आणि स्लाइड काढल्यावर तिची आतली बाजू, एवढ्या जागा पाहाव्यात. पुसट खुणा वाचण्यासाठी आधी तेल पुसून टाका, टॉर्च समोरून न मारता धातूला जवळजवळ टेकवून आडवी धरा, म्हणजे खोलगट अक्षरांत सावली पडते. तरीही दिसत नसेल तर बोटाने थोडी टाल्कम पावडर चोळून वरची पुसून घ्या, ती अक्षरांत राहते. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर मात्र कधीही लावू नका. एकदा घासलेली खूण परत येत नाही, आणि जुन्या पिस्तुलावर क्रमांकाची जागा घासलेली दिसली की पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका चांगली येत नाही.

या खुणांतली प्रत्येक खूण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. कंपनीचे नाव म्हणजे उत्पादक असेलच असे नाही. आयातदाराचे नाव आणि शहर हेही बऱ्याच पिस्तुलांवर ठळक कोरलेले असते, आणि अमेरिकेत आयात झालेल्या पिस्तुलांवर तर ते हमखास सापडते. त्या नावाने पिस्तूल शोधायला गेल्यास माणूस भलत्याच वाटेला लागतो. एकच रचना वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कारखान्यांत परवान्याने बनली आहे याचेही भान ठेवावे. वॉल्थरची पीपी आणि पीपीके ही पिस्तुले युद्धानंतर फ्रान्समध्ये मानुऱ्हँ कंपनीने बनवली. हाय-पॉवर मूळची बेल्जियमच्या एफएन कंपनीची, पण दुसऱ्या महायुद्धात ती कॅनडातल्या जॉन इंग्लिस कंपनीनेही तयार केली.

शस्त्राच्या मजबुतीची चाचणी घेणाऱ्या चाचणीगृहाची खूण, जिला प्रूफ मार्क म्हणतात, ती विशेष उपयोगी असते, कारण ती बहुतेक वेळा देश सांगते आणि काही वेळा वर्षही. बेल्जियममधील लिएजच्या चाचणीगृहाची खूण म्हणजे लंबवर्तुळात कोरलेली ‘ईएलजी’ ही अक्षरे. जर्मनीतील उल्मच्या चाचणीगृहाची खूण सांबराच्या शिंगासारखी असते. जर्मन पद्धतीत वर्ष दोन अक्षरांत लिहिण्याची रीत आहे: ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असे पुढे जात के म्हणजे ९, त्यामुळे ‘केडी’ दिसले की ते ९३ समजावे. इटलीत १९७५ पासून चौकटीत दोन रोमन अक्षरे येतात, त्याआधीच्या काळात रोमन अंक येत असत. वर्ष कळले की निम्मी शक्यता आपोआप गळून पडते. १९७८ च्या पिस्तुलावर १९८० च्या दशकात सुरू झालेला उपप्रकार असू शकत नाही.

‘नऊ एमएम’ एवढ्यावर थांबू नका

कॅलिबर, म्हणजे काडतुसाचे माप, हा भाग मी सर्वांत जास्त काळजीने वाचतो, कारण येथील चूक केवळ कागदावर राहत नाही. ‘९ एमएम’ या नावाखाली किमान तीन सर्वपरिचित काडतुसे येतात: ९×१९, ज्याला ९ एमएम लुगर किंवा पॅराबेलम म्हणतात; ९×१७, जे ‘कुर्त्स’, ‘कॉर्टो’, ‘शॉर्ट’ किंवा .३८० एसीपी या नावांनी ओळखले जाते. आणि ९×१८ माकारोव्ह. यांतला दुसरा अंक काडतुसाच्या कोशाची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतो. माकारोव्हची गोळी इतर दोघांपेक्षा किंचित जाड असते. नळीवर नुसते ‘९ एमएम’ लिहिले असेल, तर पुढचा शब्द किंवा अंक मिळेपर्यंत शोध सोडू नये. हीच गोष्ट ७.६५ ची: ७.६५ ब्राउनिंग म्हणजे .३२ एसीपी, लहान खिशातल्या पिस्तुलांचे, ७.६५ पॅराबेलम हे वेगळेच, अधिक लांब आणि अधिक जोरदार काडतूस असून ते जुन्या लुगर पिस्तुलांत सापडते.

कॅलिबर शक्यतो नळीवरचे वाचावे, स्लाइडवरचे नव्हे. नळी बदललेली असू शकते, आणि काडतूस जाते ते नळीच्या चेंबरमध्ये. दोन ठिकाणी दोन वेगळी कॅलिबरे दिसली, किंवा नळीवर काहीच नसले, तर अंदाजाने काडतूस घालून पाहू नका. चेंबरचा साचा घेऊन मोजणारा कारागीर गाठावा; तेवढ्यावर हा प्रश्न निश्चित सुटतो.

फ्रेम, आणि तिच्यावरचा क्रमांक

अनुक्रमांक हा पिस्तुलाचा खरा पत्ता आहे, आणि मुख्य क्रमांक कोणता तर बहुतेक आधुनिक पिस्तुलांत फ्रेमवरचा. ग्लॉकची फ्रेम प्लास्टिकसदृश पॉलिमरची असल्याने तिचा क्रमांक पुढच्या भागात खालच्या बाजूस बसवलेल्या धातूच्या छोट्या पट्टीवर असतो. तोच क्रमांक नळीवर आणि स्लाइडवरही असतो. तिन्ही ठिकाणचे क्रमांक एकमेकांशी ताडून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते न करता पुढे जाऊ नये.

हे मी स्वतः एकदा चुकून शिकलो आहे. एका परिचितांचे जुने पिस्तूल पाहताना मी स्लाइडवरचे मॉडेलचे नाव उतरवून घेतले, त्यावरून स्प्रिंग सुचवली, आणि ती बसेना. पुन्हा सावकाश पाहिल्यावर लक्षात आले की फ्रेमवरच्या क्रमांकाचे शेवटचे तीन अंक आणि स्लाइडच्या आतले तीन अंक जुळत नव्हते. स्लाइड कधीतरी दुसऱ्या पिस्तुलाची बसवली गेली होती, आणि मी ज्याला ‘पिस्तुलाचे नाव’ समजत होतो ते त्या उपऱ्या स्लाइडचे नाव होते. तेव्हापासून मी आधी क्रमांक जुळवतो आणि मग नाव वाचतो.

एकाच घराण्यातले भाऊ कसे वेगळे करावेत

फ्रेमवर विश्वास का ठेवायचा हे वॉल्थरच्या तीन पिस्तुलांत हातात घेऊन कळते. पीपी १९२९ सालची, पीपीके त्यानंतर लवकरच आलेली तिची आखूड आवृत्ती, आणि पीपीके/एस ही १९६८ च्या अमेरिकी शस्त्र कायद्यातील आयातीच्या निकषांत पीपीके बसेना म्हणून काढलेली, पीपीच्या उंच फ्रेमवर पीपीकेची स्लाइड आणि नळी चढवलेली. समोरून पाहिले तर पीपीके आणि पीपीके/एस सारख्याच दिसतात. आता मुठीच्या मागच्या काठावरून अंगठा वरून खाली फिरवा. अस्सल पीपीकेमध्ये तेथे धातू लागत नाही, कारण तिची मूठ एकाच तुकड्याची असून ती मागून वळसा घालून फ्रेमची मागची बाजू झाकते. पीपीके/एसमध्ये अंगठ्याला सलग धातूची पट्टी लागते आणि मुठीचे दोन वेगळे तुकडे दोन बाजूंना स्क्रूने बसवलेले दिसतात. ही खूण लपवता येत नाही, कारण ती फ्रेमच्या घडणीतच आहे. पीपी ओळखायला नळी मोजावी: पीपीची सुमारे ९८ मिलिमीटर, पीपीकेची सुमारे ८३.

कोल्टच्या १९११ मध्ये हाच धडा अधिक स्पष्ट होतो. अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या पिस्तुलात १९२० च्या दशकात सुधारणा होऊन ‘१९११ए१’ तयार झाले: चाप आखूड झाला, मुठीमागचा खालचा भाग सपाट होता तो फुगीर झाला, ग्रिप सेफ्टीची (मुठीच्या मागे, तळहाताने दाबली जाणाऱ्या सेफ्टीची) शेपटी लांबली, आणि चापाच्या मागे फ्रेमच्या दोन्ही बाजूंना बोट नीट पोहोचावे म्हणून अर्धचंद्राकृती कोर काढली गेली. यांतला फुगीर भाग एका पिनेवर उभा असतो आणि काही मिनिटांत बदलतो. चाप आणि ग्रिप सेफ्टीही बदलतात. लष्करी शस्त्रागारांत जुन्या १९११ वर नवे भाग चढवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. चापामागची कोर मात्र फ्रेमच्या पोलादात कापलेली आहे. फुगीर पाठ आहे पण कोर नाही, असे पिस्तूल समोर आले तर ती जुनी फ्रेम आणि नवे भाग, असेच समजावे.

कोल्टच्याच नंतरच्या काळात सिरीज ७० आणि सिरीज ८० असे दोन टप्पे येतात. १९८३ पासूनच्या सिरीज ८० मध्ये चाप ओढल्याशिवाय फायरिंग पिन पुढे जाऊ नये यासाठी एक अडसर बसवला गेला. स्लाइड काढून उलटी धरली की मागच्या भागात फायरिंग पिनच्या मार्गाजवळ एक छोटे गोल बटण दिसते, बोटाने दाबले की आत जाते आणि सोडले की वर येते. ते असेल तर सिरीज ८०. नळीच्या लांबीवरून नावे पडतात ती अशी: गव्हर्नमेंट ५ इंच, कमांडर सव्वाचार इंच, ऑफिसर्स साडेतीन इंच.

बेरेटा ९२ चा क्रम हाताळणीवरून लागतो. १९७५ च्या मूळ ९२ मध्ये सेफ्टी फ्रेमवर. ९२एसमध्ये ती स्लाइडवर गेली आणि हॅमर सुरक्षित उतरवण्याचे कामही करू लागली, पण मॅगझिनचे बटण अजून मुठीच्या तळाशीच होते. ९२एसबीमध्ये ते चापामागे आले. पुढे ९२एफ आले आणि १९८५ साली अमेरिकी सैन्याने ते एम९ या नावाने घेतले. ९२एफ आणि ९२एफएस यांतील फरक बाहेरून जवळजवळ दिसत नाही. स्लाइड मागून तुटली तरी तिचा तुकडा नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येऊ नये म्हणून एफएसमध्ये हॅमरच्या खिळीचे डोके मोठे केले आणि ते फिरण्यासाठी स्लाइडच्या खालच्या बाजूला खाच कापली. स्लाइड काढून ही खाच पाहावी. ज्याच्याकडे ९२ घराण्यातले पिस्तूल आहे त्याने हे एकदा तरी तपासावे असे मला मनापासून वाटते, कारण हा फरक थेट वापरणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे.

ग्लॉकमध्ये मॉडेलचा अंक स्लाइडवर ठळक असतो, त्यामुळे प्रश्न उरतो तो पिढीचा. चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या स्लाइडवर तसे लिहिलेलेच असते. आधीच्या तीन पिढ्या मुठीवरून ओळखाव्यात: पहिल्या पिढीची मूठ सर्वत्र एकसारखी बारीक खरखरीत, दुसरीत, साधारण १९८८ पासून, पुढच्या आणि मागच्या काठावर चौकड्यांची नक्षी, तिसरीत बोटांसाठी खाचा आणि पुढे दिवा बसवण्याची रेल. मधल्या काळातल्या काहींवर खाचा आहेत पण रेल नाही, आणि २६ सारख्या अगदी लहान मॉडेलांत तिसऱ्या पिढीतही रेल नसते, म्हणून फक्त रेलवर निर्णय देऊ नये. २०१७ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीत बोटांच्या खाचा पुन्हा गेल्या.

स्मिथ अँड वेसनच्या तिसऱ्या पिढीच्या पिस्तुलांचा चार अंकी क्रमांक हाच एक तपशीलवार परिचय आहे, आणि तो वाचता आला की आनंद होतो. ५९०६ घ्या: ५९ म्हणजे दुहेरी ओळीच्या मॅगझिनचे ९ एमएम, ० म्हणजे नेहमीचा आकार आणि नेहमीची यंत्रणा, ६ म्हणजे फ्रेम आणि स्लाइड दोन्ही स्टेनलेस. शेवटी ३ असेल तर ॲल्युमिनियमची फ्रेम आणि स्टेनलेस स्लाइड, ४ असेल तर ॲल्युमिनियमची फ्रेम आणि साध्या पोलादाची स्लाइड. ५९४६ मधला ४ सांगतो की प्रत्येक वेळी चाप पूर्ण लांब ओढावा लागतो. यांच्या आधीच्या पिढीत क्रमांक तीन अंकी होते आणि धातू सांगणारा अंक पहिला असे: ४५९ ॲल्युमिनियम, ६५९ स्टेनलेस. धातू आणि अंक जुळत नसतील तर लगेच थांबून क्रमांक पुन्हा ताडावेत. साधे लोहचुंबक येथे फार उपयोगी पडते, ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ते चिकटत नाही.

सिग पी२२६ बद्दल एवढेच की सुरुवातीच्या स्लाइड पत्र्यातून घडवलेल्या असून त्यांत मागचा ठोकळा वेगळा, पिनेने बसवलेला असतो. नंतरच्या स्लाइड स्टेनलेस पोलादाच्या एकाच तुकड्यातून कोरलेल्या आहेत. हाय-पॉवरमध्ये एक्स्ट्रॅक्टर (चेंबरमधला कोश बाहेर ओढणारी आकडी) पाहावा: जुन्या पिस्तुलांत तो स्लाइडच्या आत असतो, १९६० च्या दशकापासून तो उजव्या बाजूला बाहेरून दिसतो.

मोजमाप, आणि उरलेले

नळीची लांबी मोजताना पिस्तूल पुन्हा एकदा रिकामे असल्याची खात्री करा, स्लाइड पुढे बंद ठेवा, लाकडी किंवा प्लास्टिकची बारीक काडी नळीच्या तोंडातून आत सोडून शेवटाला टेकू द्या, तोंडाच्या पातळीवर खूण करा आणि बाहेर काढून मोजा. ही लांबी चेंबरसकट असते आणि उत्पादक देतात तीही तशीच असते. नळीच्या तोंडाशी आटे असलेले जादा टोक किंवा नळीवर चढवलेला एखादा सुटा भाग असेल तर तो मोजमापात धरू नये.

मुठीचे पॅनल, साइट, रंग आणि मॅगझिन यांची नोंद करा, पण त्यांवरून निष्कर्ष काढू नका. मॅगझिनवर एका मॉडेलचे नाव आणि पिस्तूल दुसऱ्याच मॉडेलचे, हे फार वेळा दिसते.

सगळ्या नोंदी, मोजमापे आणि बाजूने उजेड टाकून काढलेली छायाचित्रे एकत्र झाली की फ्रेमचा पूर्ण क्रमांक, अक्षरांसह, उत्पादकाच्या ग्राहक विभागाला कळवून उत्पादनाचे वर्ष आणि मॉडेल विचारावे. उत्तर तुमच्या नोंदींशी जुळले तर काम झाले. जुळले नाही तर फ्रेमची ओळख मुख्य धरून तिच्यापुढे ‘स्लाइड अमुक, नळी अमुक’ असे स्वतंत्र लिहावे, आणि सुटे भाग मागवताना त्या त्या भागाच्या खऱ्या ओळखीनुसारच मागवावेत. नोंदणीच्या कागदातील तपशील आणि फ्रेमवरचा क्रमांक यांत एका अक्षराचाही फरक आढळला, तर पिस्तुलाला काही करण्याआधी तो कागद दुरुस्त करून घ्यावा.